माळ्यावरचा कॉम्प्युटर
(आपल्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दरवर्षी या वेळेला आपल्याकडे एखादं भारदस्त व्याख्यान असतं. कधी ज्ञानेश्वरी, कधी मधुमेह, कधी निवृत्तीनंतरची गुंतवणूक. यंदा सेक्रेटरींचा फोन आला, "तुम्ही ते जुने कॉम्प्युटर गोळा करता ना, त्यावरच बोला." आमच्या घरच्यांना या विषयावर बोलायला उभं केलं असतं तर कार्यक्रम जास्त रंगला असता, कारण आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सध्या सात कॉम्प्युटर आहेत आणि त्यातला एकही घरात कुणाच्या कामाचा नाही. माझ्या ऑफिसातले काही कन्नड आणि तमिळ मित्रही आज आले आहेत. त्यांना मराठी बऱ्यापैकी कळतं. जिथे अडेल तिथे शेजारच्यांनी मदत करावी, पण प्रसादाच्या वेळेपर्यंत त्यांना सोडू नये.

जुना कॉम्प्युटर म्हणजे किती जुना? माझ्यापुरती मी एक रेघ मारली आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. आत इंटेलची ८०८८ चिप, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. तिथपासून १९९९ मध्ये आलेल्या पेंटियम थ्रीपर्यंतची यंत्रं मी घेतो. त्याला अपवाद एकच, बीबीसी मायक्रो. १९८४ मध्ये भारत सरकारने 'क्लास' नावाचा शालेय प्रकल्प सुरू केला, त्यात शाळांना हे ब्रिटिश मशीन मिळालं होतं. चपला बाहेर काढून, एसीच्या खोलीत, सरांच्या देखरेखीखाली ज्याची कळ दाबायला मिळायची ते मशीन आज घरात चप्पल घालून उघडता येतं, एवढ्यासाठीच ते घेतलं आहे.

या यंत्रांमध्ये मला काय आवडतं, असं लोक विचारतात. खरं उत्तर असं की ती उघडता येतात आणि आत काय चाललंय ते कळतं. आयबीएमने त्या पहिल्या पीसीबरोबर टेक्निकल रेफरन्स नावाचं पुस्तक विकायला ठेवलं होतं. त्यात मदरबोर्डचे संपूर्ण सर्किट नकाशे होते, आणि बायोसचा प्रोग्रॅमसुद्धा ओळीन् ओळ छापलेला होता. त्याच उघडेपणामुळे पुढे जगभर, आणि आपल्याकडेही, सुटे भाग आणून असेंबल्ड पीसी बनवणारे शेकडो लोक तयार झाले. १९८४ च्या कॉम्प्युटर धोरणानंतर आपल्याकडे सुटे भाग येणं सोपं झालं आणि नव्वदच्या दशकात तर इथला एसपी रोड, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, चेन्नईची रिची स्ट्रीट इथे पिशवीत भाग घेऊन संध्याकाळी घरी जोडणारे पुष्कळ होते. आपल्या सभागृहातही त्यातले निदान दहा-बारा जण बसले असतील. माना हलताना दिसताहेत.

आता खरेदी. एसपी रोडवर जुने डेस्कटॉप नव्या मालाच्या दुकानात मिळत नाहीत. त्यासाठी मागच्या गल्ल्यांत, गुजरीवाल्यांकडे जावं लागतं. आपण भंगारवाला म्हणतो, इथे गुजरी. तिथे भाव किलोवर असतो आणि 'स्वल्प कम्मी माडी' एवढं कन्नड आलं की काम भागतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. गुजरीवाल्याच्या लेखी चालू आणि बंद यात फारसा फरक नाही. त्याचं लक्ष सोन्यावर असतं. ४८६ किंवा पहिल्या पेंटियमच्या सिरॅमिक चिपच्या पायांवर सोन्याचा मुलामा असतो, रॅमच्या आणि कार्डांच्या कडांवर असतो. त्यामुळे अनेकदा सगळं मशीन मिळतं आणि चिपची जागा तेवढी रिकामी असते. हे सोनं पुढे कसं काढतात तेही ऐकण्यासारखं नाही. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या भागात उघड्यावर आम्लात बोर्ड बुडवून हे काम होत आलं आहे, आणि त्यात लहान मुलंही असायची. म्हणून माझा पहिला प्रयत्न असतो तो गुजरीवाल्याच्या आधी पोचायचा: बंद होणारे छापखाने, डीटीपीची दुकानं, शाळांच्या अडगळीच्या खोल्या, आणि ओळखीच्यांचे माळे. परदेशातून मागवायच्या फंदात मी पडत नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या आयातीला आपल्याकडे परवाना लागतो, आणि हौसेसाठी तो खटाटोप करण्यात अर्थ नाही.

मशीन घरी आलं की माणसाचा हात आपोआप प्लगकडे जातो. तो आवरायचा. वीस-पंचवीस वर्षं बंद असलेलं मशीन थेट चालू करणं हा त्याला मारण्याचा हमखास उपाय आहे. आधी डबा उघडायचा. हो, ज्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो तोच डबा. खरा सीपीयू आत नखाएवढा किंवा फार तर क्रीमच्या बिस्किटाएवढा असतो.

आत पहिल्यांदा बॅटरी शोधायची. तारीख-वेळ आणि सेटअप लक्षात ठेवायला बहुतेक मदरबोर्डना बॅटरी असते. पेंटियमच्या काळापासून बहुतेक बोर्डांवर सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी आहे, ती सहसा त्रास देत नाही. त्याआधीच्या ३८६ आणि ४८६ बोर्डांवर मात्र निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची, छोट्या पिंपासारखी बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. ती फुटते. आतला अल्कलीचा रस बाहेर येतो आणि बोर्डावरची तांब्याची रेघ न् रेघ खात जातो. हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. बंद कपाटात ठेवलेलं मशीन सुरक्षित आहे असं आपल्याला वाटतं, आणि आत हे काम रात्रंदिवस चालू असतं. जुनी यंत्रं जितकी विजेने मेली नसतील तितकी या बॅटरीने मेली आहेत, असं माझं मत आहे.

उपाय घरातलाच आहे. बॅटरी कापून काढायची. डागावर जुन्या टूथब्रशने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावायचा, म्हणजे अल्कली मरते. पण आम्ल तसंच सोडलं तर तेही तांबं खातं, म्हणून लगेच डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला जे मिळतं तेच. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवून दोन दिवस पंख्याखाली. मग मल्टिमीटर लावून एकेक रेघ तपासायची आणि तुटलेल्या ठिकाणी केसाएवढी बारीक तार सोल्डर करायची. माझ्या एका ४८६ ला अशा अकरा तारा आहेत. आमची मुलगी म्हणते त्याची बायपास झाली आहे. नवी बॅटरी लावताना एक पथ्य पाळायचं. बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करत असतो, त्याच जागी साधी लिथियमची बॅटरी लावली तर तीही चार्ज व्हायला लागेल, आणि ते धोक्याचं आहे. मध्ये एक डायोड घालायचा, किंवा बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची वेगळी जागा असते ती वापरायची.

दुसरं, पॉवर सप्लाय. मागच्या बाजूला ११५ आणि २३० असा लाल स्विच असेल तर आधी तो बघा. अमेरिकेतून कुणी आणलेलं मशीन ११५ वर असतं आणि आपल्या विजेवर एका क्षणात जातं. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. सवय नसेल त्याने पॉवर सप्लाय उघडू नये. पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर तर मीही उघडत नाही, त्यात वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये कागदी कपॅसिटर असतात, त्यांच्या पारदर्शक कवचाला चिरा पडून आत दमट हवा जाते. मशीन चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ते धूर सोडतात. मशीनचं सहसा काही बिघडत नाही, घरातलं वातावरण मात्र बिघडतं. ते आधीच बदलून टाकावेत.

पहिल्यांदा वीज देताना मी जुन्या इलेक्ट्रिशियन लोकांचा सिरीज बोर्ड वापरतो. शंभर वॅटचा पिवळा बल्ब मशीनच्या ओळीत जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि मशीन वाचतं. आणि ४८६ किंवा त्याआधीच्या मशीनमध्ये मदरबोर्डला जाणारे दोन कनेक्टर असतात, ते उलटे बसवता येतात. काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. हे एक वाक्य पाठ असलं तरी पुरे.

पेंटियम थ्री आणि फोरच्या बोर्डांचा आजार वेगळा. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर खराब रसायन भरलेले कपॅसिटर बाजारात आले होते. डोकं फुगलेले, वरच्या खाचेतून तपकिरी चीक आलेले उभे डबे दिसले की समजायचं. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ डिग्रीचे, लो ईएसआर कपॅसिटर लावायचे, दिशा सांभाळून. सगळे मिळून एका मसाला डोशाच्या आसपास खर्च येतो.

बाकी पुष्कळशी दुरुस्ती खोडरबराने होते! हसू नका. रॅम आणि कार्डांच्या सोनेरी कडा शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने पुसायच्या आणि परत बसवायच्या. 'मेलेली' म्हणून मिळालेली माझी दोन मशिनं एवढ्यानेच उठून बसली.

आता ज्या कारणासाठी मी हे व्याख्यान द्यायला तयार झालो त्या गोष्टीकडे येतो. आपल्याच मंडळातल्या एका काकू आहेत. त्यांच्या परवानगीने सांगतो, नाव सांगत नाही. त्यांचे यजमान नोकरीनिमित्त इथे आले आणि इथेच राहिले. दर सुट्टीत गावी गेले की ते आपल्या आईजवळ बसून जात्यावरच्या ओव्या लिहून घेत आणि इथे परत आल्यावर कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवत. १९९६ ते २००१, म्हणजे आई जाईपर्यंत, हे चाललं. पुढे मशीन बंद पडलं. एका दुरुस्तीवाल्याने 'हार्ड डिस्क गेली' असं सांगितलं आणि नवा कॉम्प्युटर विकला. यजमान गेले. ज्या वह्यांत मूळ लिहिलं होतं त्या घर बदलताना गेल्या. काकूंनी ते मशीन मात्र कुणाला देऊ दिलं नाही. माळ्यावर, जुन्या साडीत गुंडाळून ठेवलं होतं.

मी ते उघडलं तेव्हा बॅटरी पूर्ण उतरलेली होती. बॅटरी उतरली की सेटअप पुसला जातो, आणि त्या काळच्या पुष्कळ मशीनना डिस्क आपोआप ओळखता येत नाही. तिचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर किती हे आपण सांगावं लागतं. ते आकडे डिस्कच्याच लेबलवर छापलेले असतात. डिस्क गेलेली नव्हती. मशीनला तिची ओळख राहिली नव्हती, एवढंच. आपल्या घरी 'डिस्क गेली' म्हणून कुणी सांगितलेलं जुनं मशीन असेल तर त्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

तरी मी ती डिस्क तिच्या मशीनमध्ये चालू केली नाही. आधी नक्कल करायची, हा नियम. यूएसबीचे जे अडॅप्टर मिळतात त्यांना इतक्या जुन्या डिस्क बऱ्याचदा कळत नाहीत. इथे माझा पेंटियम थ्री कामाला येतो. मी त्याला मधला भाऊ म्हणतो. त्याला जुनी आयडीई डिस्क समजते, फ्लॉपी समजते, आणि नेटवर्क व यूएसबीही समजतं. थोरला आणि धाकटा एकमेकांशी बोलत नाहीत, हा दोघांशी बोलतो. त्यावर लिनक्स घालून डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली. चार सेक्टर सोडून सगळं आलं.

फाइली उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा. हे अनेकांनी पाहिलं असेल. यामागचं कारण सांगतो, कारण आपल्या पिढीचं बरंचसं मराठी यात अडकलेलं आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाणक होतं, १९९१ मध्ये ते भारतीय मानक झालं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड त्यावर चालायचं. त्यात 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जाई. पण डीटीपीची जी सॉफ्टवेअर्स घरोघरी आणि छापखान्यात पोचली, त्यांत अक्षराचे तुकडे साठवले जात. अर्धा क, काना, वेलांटी, रफार असे सुटे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. श्रीलिपीची फाइल आकृतीला कळत नाही, आकृतीची आयएसएमला कळत नाही, आणि फॉन्ट नसेल तर कुणालाच काही कळत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोजवर ती नीट वापरता यायला २००० साल उजाडलं आणि लोकांच्या सवयीत यायला आणखी काही वर्षं लागली. मधल्या काळातलं सगळं त्या तुकड्यांत आहे.

काकूंच्या डिस्कवर फॉन्टही होता, म्हणून निभावलं. नवीन मशीनवर नुसत्या फाइली आणल्या असत्या तर कोणता फॉन्ट होता हेसुद्धा समजलं नसतं. युनिकोडमध्ये बदलण्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यात गमती फार. जुन्या फाइलीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं याच्या उलट. आणि सगळ्यात त्रास दिला तो 'दर्या' आणि 'दऱ्या' या प्रकाराने. एकात समुद्र, एकात डोंगरातल्या खोल जागा. प्रोग्रॅमला दोन्ही सारखेच. शब्दकोश लावून तपासावं तर ओव्या त्यांच्या गावच्या बोलीतल्या, निम्मे शब्द कोशात नाहीत.

शेवटी काकूच बसल्या. रोज दुपारी दोन ते चार, जवळजवळ दोन महिने. त्या वाचायच्या नाहीत, चालीवर म्हणायच्या. चाल अडली की तिथे अक्षर चुकलेलं असायचं. एका ठिकाणी प्रोग्रॅमने शब्द शुद्ध करून ठेवला होता, त्यावर "आमच्या सासूबाई असं बोलायच्या नाहीत" म्हणून त्यांनी तो परत अशुद्ध करून घेतला. तीनशे बारा ओव्या निघाल्या. मधल्या खराब सेक्टरांपैकी एक नेमका त्यातच होता, तिथल्या चार ओव्या अर्ध्या आहेत. दोन काकूंनी आठवणीने पुऱ्या केल्या. दोन तशाच ठेवल्या आहेत.

यानंतर अपग्रेडबद्दल बोलायचं म्हणजे उतरल्यासारखं वाटतं, पण विषयात आहे म्हणून थोडक्यात. हार्ड डिस्कच्या जागी कॅमेऱ्याचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावता येतं, ते आयडीईचीच भाषा बोलतं, साधा अडॅप्टर पुरतो. जुन्या बायोसला ५०४ मेगाबाइटच्या वरचं दिसत नाही, म्हणून लहान कार्ड शोधा. ४८६ ला ३० पिनी रॅम चारच्या पटीत लागते, पेंटियमला ७२ पिनी जोडीने. ४८६ च्या सॉकेटमध्ये एएमडीची १३३ मेगाहर्ट्झची चिप बसते आणि मशीन एकदम तरुण होतं, पण ती साडेतीन व्होल्टच्या आतली आहे. पाच व्होल्ट देणाऱ्या बोर्डावर ती जळेल. नव्वदच्या दशकात काही स्वस्त बोर्डांवर कॅश मेमरीच्या चक्क खोट्या चिपा लावलेल्या असत, आत काही नसलेल्या. तेव्हा वेग वाढत नसेल तर आधी त्या तपासा. माझ्या मते अपग्रेड तेवढंच करावं जेवढं त्या काळातल्या मालकाने पैसे असते तर केलं असतं. ४८६ वर आजचं काही चालवून दाखवणारे आहेत, मला त्यात रस नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबला तेव्हा बऱ्याच घरांतले चांगले डेस्कटॉपही माळ्यावर गेले. ते जुने नाहीत. त्यावर लिनक्स टाकून मुलांना द्या.

आता मंडळाच्या स्टोअररूमबद्दल. यंदाच्या साफसफाईच्या यादीत 'जुना कॉम्प्युटर, मॉनिटर व फ्लॉपी बॉक्स – भंगार' अशी एक ओळ आहे. नव्वदच्या दशकापासून बरीच वर्षं आपली स्मरणिका त्याच मशीनवर पेजमेकरमध्ये लागली. छापील अंक सगळ्या वर्षांचे कुणाकडेच नाहीत, मी विचारून पाहिलं. संस्थापक सभासदांच्या आठवणी, पहिल्या उत्सवांचे हिशेब, नाटकांचे कलाकार, सगळं त्यात असण्याची शक्यता आहे. अध्यक्षांना माझी विनंती आहे की ती ओळ यादीतून तूर्त काढावी. मी महिनाभर मागतो. मशीनमधलं काढून घेतलं की बाकीचा सांगाडा अधिकृत ई-कचरा केंद्रात मी स्वतः पोचवेन, २०२२ च्या नियमांप्रमाणे पावतीसह.

हलवताना काही सूचना. कुणीही प्लग लावून 'चालतंय का' बघू नये. मागे प्रिंटरच्या पोर्टला अंगठ्याएवढी एक डबी खोचलेली असेल, ती फालतू कनेक्टर समजून फेकू नये. ते मराठी सॉफ्टवेअरचं कुलूप आहे, त्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडणार नाही. मॉनिटर दोघांनी उचलावा, काच छातीकडे धरून, कारण वजन पुढे असतं. ज्या फ्लॉपीवर पांढरे ठिपके दिसतील ती बुरशी आहे, तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये, नाहीतर ड्राइव्हचं हेड खराब होऊन पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही जातील. आणि फ्लॉपीच्या डब्याची किल्ली हरवली आहे असं सेक्रेटरी म्हणत होते. त्याची काळजी नको. माझ्याकडच्या एका किल्लीने आजवर सगळे डबे उघडले आहेत.